सहा गाऊनांची लेस

माय, धाकटीला मी काल जळगावच्या संस्थेत ठेवून आले. दुसरं काही लिहिण्याआधी हे लिहायला हवं. तू गेलीस त्याला एकोणीस वर्षं झाली. शेवटच्या आठवड्यात तिच्या आंघोळीचं पाणी किती कोमट लागतं एवढंच तू मला दोनदा सांगितलंस, बाकी काही मागितलं नाहीस. ती आता त्रेपन्न वर्षांची आहे आणि अजून चार वर्षांच्या पोरीसारखी माझ्या पदराला धरून घरभर फिरते. फिरायची. मागच्या उन्हाळ्यात न्हाणीत तिला सावरताना मी पडले, खुबा मोडला. आता काठी घेऊन चालते, तिला उचलणं होत नाही. त्यात वर्षभरापासून ती हाताला लागेल ते चावते. दोनदा गाऊनची लेस तिच्या घशात अडकली. दुसऱ्या वेळी ओठ निळे पडले होते.

संस्थेतल्या बाईंनी फोनवर सांगितलं, "सहा गाऊन आणा ताई. पण साधे हवेत. लेस, मणी, नाडी काहीच नको. इथे सगळ्याच तोंडात घालतात."

तिचा एकही गाऊन साधा नव्हता, हे तुला वेगळं सांगायला नको. आग्रा रोडवरच्या बाजारातून तू लेस आणायचीस आणि हातमशीन पुढ्यात घेऊन तिच्या गळ्याला, बाह्यांना, खाली घेराला लावत बसायचीस. मी बारा वर्षांची असताना एकदा भांडले होते, की माझ्या फ्रॉकला कधीच का नाही. तू मशीन थांबवलंस. म्हणालीस, "तुले तोंड शे, तू मांगी लेशी. ती काय मांगी?" मग मान खाली घालून म्हणालीस, "इले कोनी शे, हाई लोकस्ले दिसाले पाहिजे." तिला कुणी आहे हे लोकांना दिसावं, म्हणून ती लेस; त्यानंतर मी कधी मागितली नाही. तू गेल्यावर गाऊनचं कापड विरलं, की मी लेस उसवून नव्याला लावत आले. कापड बदलत गेलं, लेस तुझीच राहिली.

मंगळवारी सकाळी ओट्याजवळ ऊन येतं तिथे मी बसले. कापड उलटं करून ब्लेडने दर चौथा टाका कापायचा आणि मग खालचा दोरा ओढायचा, म्हणजे लेस न फाटता सुटते. तूच शिकवलेलं. पण चष्म्यातूनही मला टाके नीट दिसत नव्हते. निळ्या गाऊनच्या गळ्याला भोक पडलं, ते आतून ठिगळ लावून बुजवलं. लेसखालचं कापड उन्हापाण्यापासून वाचलेलं, त्यामुळे प्रत्येक गळ्याभोवती गडद पट्टा राहिला. पाणी शिंपडून इस्त्री केली. टाक्यांची भोकं बुजली, पट्टा गेला नाही. धाकटी शेजारी बसून बघत होती. चौथ्या गाऊनला तिने लेसचा गुंता आपला म्हणून मुठीत धरला.

"मनी शे," ती म्हणाली.

"हो, तुनीच शे. दे इकडे."

"मनी शे."

मी तिची बोटं एकेक करून उघडली. ती रडली नाही. उघड्या तळहाताकडे बघत राहिली. माय, त्या वेळी मला थांबता आलं असतं. मी पाचवा गाऊन घेतला.

काल धुळ्याहून निघताना एसटीत ती खिडकीशी बसली, एरंडोलपर्यंत खूश होती. संस्था स्वच्छ आहे, खोटं कशाला बोलू. बाईंनी गाऊन उलटेपालटे करून पाहिले, म्हणाल्या, "छान काढलंत हो." मग एक मुलगी धाकटीला कपडे बदलायला आत घेऊन गेली. ती तो निळा गाऊन घालून आली आणि बोटांनी गळा चाचपत राहिली. इकडून तिकडे, पुन्हा इकडे. बाई म्हणाल्या, "महिनाभर भेटायला येऊ नका, म्हणजे रुळेल." ती रुळणार नाही, हे मला ठाऊक आहे. माझा खुबाही आता यापेक्षा बरा होणार नाही, असं डॉक्टर म्हणालेत. तिला परत आणायचं कसं, याचा मी पुष्कळ विचार केला. काही सुचत नाही.

हे कुणाला पाठवायचं नाही, म्हणून एवढं लिहिलं. आणखी एकच. परत येताना मला बसायला जागा मिळाली. रडू येईल म्हणून मी रुमाल काढून ठेवला होता. पण गाडी जळगावबाहेर पडायच्या आत मला झोप लागली. पारोळा कधी गेलं कळलं नाही. धुळ्याच्या स्टँडवर कंडक्टरने खांदा हलवून उठवलं. माय, इतकी गाढ झोप मला कित्येक वर्षांत लागली नव्हती.