शेवटची रेस

आसगाव, कार्तिक वद्य पंचमी, संध्याकाळ

आमचा मेहुणा राजू ट्रक बंद करण्याआधी जोरात रेस देतो. आधीचा टर्बो, इंजिनात हवा कोंबणारा पंखा, त्यातच जळला. रेस देऊन चावी फिरवली की टर्बो भिरभिरत राहतो, पण त्याला तेल मिळत नाही. धानाच्या खेपा आत्ताच सुरू झाल्यात. नवाही गेला तर हंगाम बसला. दोन मिनिटं इंजिन शांत चालू ठेवायला याचं काय जातं? वेळ नाही म्हणतो. ट्रकमधल्या गणपतीच्या उदबत्तीला मात्र वेळ आहे.

म्हणून सकाळी मीच शास्त्र काढलं. इंजिन चालू करून मग उदबत्ती लावायची. परतल्यावर चालू इंजिनावरच आरती म्हणायची, मग चावी.

"हे कोन्त्या पोथीत हाये, भाऊजी?"

"माझ्या."

ऐकलं बुवा त्यानं. आत्ता आला, डॅशबोर्डवरच्या गणपतीपुढे अख्खी आरती म्हणाला. इंजिन कसं संथ गुरगुरत होतं. मी ओसरीवर निश्चिंत. आणि चावी फिरवण्याआधी पुन्हा तीच रेस, गोठ्यातली गाय दचकली.

"काहून रे?"

"आरती झाल्यावर घंटी नाही वाजवत का, भाऊजी?"

शास्त्र माझंच. उद्या खरीच घंटी आणून टांगतो.