आतलं पितळ

बुधवार, दुपारचे तीन

प्रिय बाबा,

पत्राची सुरुवात ‘तीर्थरूप बाबांना साष्टांग नमस्कार’ अशी करायची, हे तुम्हीच मला शिकवलंत. आज ते लिहायला हात धजत नाही. ‘प्रिय’ लिहिलंय, तेही दोनदा खोडून. शनिवारपासून मी तुम्हाला चार वेळा फोन केला. चारही वेळा तुम्ही माझा आवाज ऐकलात आणि ‘आईला देतो हं’ म्हणून मोकळे झालात. मग आई तब्येत विचारते, जेवलीस का विचारते, आणि मागून तुमच्या खोकल्याचा आवाज येत राहतो. म्हणून पत्र लिहितेय. माझं दुकान चार दिवस बंद आहे. दारावर ‘काही कारणास्तव’ अशी पाटी लावलीय, आणि ते कारण तुम्ही आहात.

आधी शिवणकाम करणाऱ्या बाईंचं सांगते, कारण त्यांच्याबद्दल तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. एकसष्ट वर्षांच्या आहेत. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले, स्वतःच्या हौसेला टाका घालायला सवड मिळाली नाही. नवरा गेल्यावर वर्षभराने त्या माझ्याकडे टोचून घ्यायला आल्या आणि म्हणाल्या, कानाच्या वरच्या कडेला एक बारीक खडा घालायचा आहे, विसाव्या वर्षापासून मनात आहे, आता हसायला कोणी उरलं नाही. मी त्यांना तासभर बसवून सगळं समजावलं. ती कूर्चा आहे, लवचीक हाड, तिथे रक्त कमी पोचतं, जखम भरायला महिने लागतात, म्हणून पहिला दागिना सोन्याचा मुलामा दिलेला नको, चांदीचा तर नकोच, ती काळवंडते आणि त्वचेत डाग सोडते. सर्जिकल स्टील म्हणून बाजारात जे मिळतं त्यात निकेल असतं, कोणाला ते सोसतं, कोणाला नाही. टायटॅनियम घ्या, म्हटलं, हाडात बसवायच्या दर्जाचं. आणि मग छाती फुगवून सांगितलं, हे माझे वडील स्वतः लेथवर कातून घडवतात. बाई म्हणाल्या, ‘मग काय बघायचं, घरचंच आहे.’

सहाव्या दिवशी त्यांचा कान पिकला. अकराव्या दिवशी त्या दवाखान्यात भरती झाल्या. डॉक्टरांनी वरच्या कडेचा बोटाच्या पेराएवढा तुकडा काढला. आता तो कान वरून आत दुमडलाय. बाई डोक्याला रुमाल गुंडाळून शिवायला बसतात. मी भेटायला गेले तेव्हा त्याच माझी समजूत घालत होत्या. ‘तुझी काय चूक गं, माझंच अंग वाईट. या वयात थेरं करायला गेले.’ आणि बाबा, मी मान हलवली. म्हटलं, काहींची त्वचा खरंच नाजूक असते. तेव्हा मला खरोखर तसं वाटत होतं.

मला तसं का वाटलं, ते तुम्हाला कळायला हवं. मी बारा वर्षांची असताना मैत्रिणीबरोबर जाऊन रस्त्यावरच्या टपरीवर कान टोचून आले होते. दोन दिवसांत पाळ्या टोमॅटोसारख्या झाल्या. आई ओरडली, तुम्ही ओरडला नाहीत. तुम्ही ते लोंबते डूल काढलेत, खिडकीशी नेऊन पाहिलेत आणि म्हणालात, ‘कचरा आहे.’ तेव्हा तुम्ही हाडांच्या शस्त्रक्रियेचे स्क्रू बनवणाऱ्या कारखान्यात टर्नर होता. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तुम्ही उरलेल्या तुकड्यातून माझ्यासाठी दोन दांड्या घडवल्यात, काडेपेटीच्या काडीपेक्षा बारीक, आणि आरशासारखं पॉलिश केलंत. रात्री जेवताना मला सांगितलंत, की जखमेत जाणारी वस्तू जखमेला कळता कामा नये. मी पुढे हा धंदा का निवडला असं लोक विचारतात, तेव्हा मी काहीबाही सांगते. खरं कारण त्या दोन दांड्या. तुम्ही निवृत्त झालात, मागच्या खोलीत छोटा लेथ बसवलात, कारखान्यातून दर्जाच्या दाखल्यासकट टायटॅनियमच्या कांड्या आणल्यात, आणि सहा वर्षं माझ्या दुकानातली प्रत्येक दांडी तुमच्या हातची होती. प्रत्येक पाकिटावर तुमच्या अक्षरात लांबी, जाडी आणि तारीख. सहा वर्षांत एकही कान बिघडला नाही. म्हणून यंदा बिघडायला लागले तेव्हा मी सगळ्या जगावर संशय घेतला. त्या पाकिटांवर घेतला नाही.

पहिल्यांदा स्वतःच्या हातावर घेतला. टोचण्याचा कोन चुकतोय का, म्हणून स्वतःचेच व्हिडिओ काढून पाहिले. सुयांचा पुरवठादार बदलला. हातमोजे बदलले. गिऱ्हाइकांना धुवायला जे मिठाचं पाणी सांगत होते त्यावरही शंका घेतली. तरी एका शाळामास्तरांची भुवई चिघळली, एका मुलीच्या नाकात गाठ आली. मग मी माझ्या नर्सताईवर आले. तुम्ही तिला ओळखता, तुम्हाला ‘काका, चहा?’ विचारणारी. वीस वर्षं रुग्णालयात काढलेली बाई, अवजारं निर्जंतुक करायच्या ऑटोक्लेव्हची एकेक फेरी वहीत टिपून ठेवणारी. मी तिला म्हटलं, तू वेळ पूर्ण न होऊ देता अवजारं बाहेर काढतेस. ती म्हणाली, ‘वही बघा.’ मी म्हटलं, वहीत काय, कोणीही काहीही लिहील. तिने एप्रन काढला, घडी घातली, टेबलावर ठेवला आणि गेली. वहीत काय, कोणीही काहीही लिहील. हे वाक्य मी तिला ऐकवलं, बाबा. पाकिटांवर लिहिणाऱ्याला ऐकवायचं होतं.

तुमचं बिंग कसं फुटलं ते आता सांगते. गेल्या शुक्रवारी एक बस चालवणारी मुलगी आली. तिला दांडीवर निळा रंग हवा होता. तुम्हीच मला शिकवलंत, टायटॅनियमला रंग लावावा लागत नाही, क्षारांच्या पाण्यात बुडवून वीज सोडली की त्याच्याच अंगावर रंग उमटतो, इतक्या व्होल्टला सोनेरी, इतक्याला निळा. मी तुमची दांडी चिमट्यात धरून बुडवली. निळा आला नाही. पाणी हिरवट झालं आणि दांडी काळी पडली. ती मुलगी वाकून बघत होती. मला वाटलं, माझंच यंत्र बिघडलं. तिला दुसऱ्या दिवशी बोलावलं आणि दार लावून घेतलं. जुन्या पाकिटातली एक दांडी आणि नव्यातली एक, दोन्ही एकाच मापाच्या, काट्यावर ठेवल्या. नवी जवळजवळ दुप्पट जड. मग ती पक्कडीने मधोमध तोडली. वरून चंदेरी, आत पिवळी. पितळ उघडं पडणं हा शब्दप्रयोग आपण आयुष्यभर वापरतो. मी त्या दिवशी ते तळहातावर घेऊन बसले होते. वर मुलामा, मुलाम्याखाली निकेलचा थर, त्याखाली पितळ. आणि पाकिटावर तुमचं अक्षर.

तरीही माझ्या डोक्यात तुमचं नाव आलं नाही. वाटलं, तुम्हाला कोणीतरी खोट्या कांड्या विकून फसवलं. शनिवारी मी धावत घरी आले ती तुम्हाला सावध करायला. तुम्ही फिरायला गेला होता. मागच्या खोलीत गेले. लेथवर जुनी चादर होती, चादरीवर बोटभर धूळ. दांडी पकडणाऱ्या चकवर गंज चढलेला. जे यंत्र तुम्ही रोज संध्याकाळी तेलाच्या फडक्याने पुसायचात, कोणाला त्यावर पेलाही ठेवू द्यायचा नाहीत. खालच्या खणात घाऊक माल विकणाऱ्या कोणाची तरी रिकामी पुडकी होती, शंभर-शंभर दांड्यांची, बाहेर मोठ्या अक्षरांत ‘सर्जिकल’ छापलेलं. शेजारी तुमची कोरी पाकिटं आणि पेन. आई दारात उभी होती. तीच म्हणाली, ‘सहा महिने झाले गं. उजव्या डोळ्याला दांडीचे बारीक आटे दिसत नाहीत त्यांना. हातही थरथरतो. दोन वेळा बोट कापून घेतलं. मला म्हणाले, थोरलीला कळता कामा नये.’

हे ऐकून मला रडू यायला हवं होतं. तुम्हालाही तसंच वाटत असेल, की आता कारण कळलंय, पोर विरघळेल. मी नाही विरघळले. उलट तिथून माझा राग खरा पेटला. डोळा गेला हा गुन्हा नाही. हात थरथरणं हा गुन्हा नाही. तुम्ही मला नुसतं म्हणाला असतात, ‘आता जमत नाही’, तर मी त्याच दिवशी दुसरीकडून रीतसर कागदपत्रं असलेला माल मागवला असता आणि तुम्हाला दुकानात खुर्ची टाकून दिली असती, आलेली प्रत्येक खेप तपासायला. तुमच्याइतकी पारख कोणाला आहे? टायटॅनियम नुसतं हातावर तोललंत तरी तुम्हाला कळतं. म्हणजे ती पुडकी फोडलीत तेव्हाही तुम्हाला कळलंच होतं. मला सगळ्यात जास्त हेच छळतंय. न कळून केलं असतंत तर म्हातारपण म्हणून सोडून दिलं असतं. तुम्ही ते पितळ हातात तोललंत, कचरा आहे हे ओळखलंत, आणि त्यावर आजची तारीख घातलीत. लेकीपुढे मान खाली जाऊ नये म्हणून लोकांच्या ताज्या जखमांत निकेल जाऊ दिलंत.

तुम्ही आईला म्हणालात म्हणे, ‘सगळीकडे तेच विकतात, कोणाला काय होतंय.’ भरलेल्या कानात कोणी काहीही घालो, तिथे कातडीची भिंत उभी असते. ताजी जखम म्हणजे उघडं दार. हे मी तुम्हाला सांगावं, यासारखं हसं नाही.

या चार दिवसांत मी काय केलं तेही ऐका. गेल्या सहा महिन्यांत ज्यांना ज्यांना टोचलं त्या सगळ्यांना फोन केले. धातू चुकीचा होता, ताबडतोब या, काढून खरा घालून देते, असं सांगितलं. स्वतः काढू नका हेही सांगितलं, भोक मिटलं तर पू आत कोंडतो. काही जण आले, काहींनी शिव्या घातल्या, शाळामास्तरांनी लेखी तक्रार करणार म्हणून सांगितलं. करावी त्यांनी. नर्सताईला फोन केला. ती आता एका दातांच्या दवाखान्यात लागलीय. मी माफी मागितली. ती शांतपणे म्हणाली, ‘तुम्ही मला विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं. तुम्ही विचारलं नाहीत, ठरवलंत.’ परत येशील का, असं विचारायची माझी हिंमत झाली नाही. तो दोष माझा, तुमच्या माथी मारत नाही. पण मी तिच्यावर बोट रोखलं ते तुमच्या दांड्यांपायी, आणि तुम्हाला सगळं माहीत होतं. त्या आठवड्यात तुम्ही दुकानात आला होता. तिची खुर्ची रिकामी पाहिलीत, ती कुठे गेली विचारलंत, मी सांगितलं. तुम्ही ‘हं’ म्हणालात आणि पाकिटं टेबलावर ठेवलीत.

अक्षर मोठं काढलंय, एका पानावर दहाच ओळी बसतायत, कारण हे आईने वाचून दाखवावं असं मला वाटत नाही. तुमचं तुम्ही वाचायचं, भिंग घेऊन, वेळ लागला तरी.

आता पत्राचं कारण. काल मी शिवणकाम करणाऱ्या बाईंकडे गेले आणि त्यांना सांगितलं, तुमच्या अंगात काही वाईट नव्हतं, दांडी खोटी होती. त्यांनी रुमालाचं टोक चिमटीत धरून घट्ट केलं. मग म्हणाल्या, ‘पण ती तुझे वडील घडवतात ना?’ आणि बाबा, माझ्या तोंडून निघालं, ‘त्यांना कोणीतरी फसवलं.’ क्षणभरही अडखळले नाही मी. बाईंनी लगेच तुमचीच कीव केली, बिचाऱ्यांना किती लागलं असेल म्हणाल्या. तिथून उठून आले, आणि आज ही अशी लिहायला बसलेय. तुम्ही सहा महिने खोटं बोललात, आणि मी एका दमात त्याच घरची निघाले. त्या बाई उद्या, गुरुवारी, अकरा वाजता दुकानात येणार आहेत, कान दाखवायला. त्यांच्यासाठी खुर्ची ठेवली आहे. हे पत्र मी आता स्वतः तुमच्या दारातून आत सरकवून येणार आहे, बेल वाजवणार नाही. तुम्ही अकराच्या आधी या आणि त्यांना स्वतःच्या तोंडाने सांगा, दांडी कोणी आणली, कशाची होती आणि तुम्हाला ते माहीत होतं. मी मध्ये एक शब्द बोलणार नाही, तुम्हाला सावरणारही नाही. तुम्ही आला नाहीत, तर सव्वाअकराला मी सांगेन, आधी माझं खोटं आणि मग तुमचं. पण त्यांना ते माझ्याकडून कळलं, तर त्यानंतर मला वडिलांबद्दल कोणी विचारलं की मी काय सांगायचं, एवढं तुम्ही भिंग खाली ठेवायच्या आधी ठरवा.

तुमचीच,
थोरली