गप्प राहण्याची मुदत

अप्पा, रविवारी सकाळी तुम्ही ओट्याशी उभे राहून खळ शिजवायचात आणि मी वहीचं पान दोन्ही हातांनी ताणून धरायची. आई म्हणायची, "फासा, पोळ्यांचं पीठ त्या अमेरिकनाच्या तोंडाला फासा!" तुम्ही नुसते हसायचात. अमेरिकन वाचनालयात तुम्ही शिपाई होतात आणि रद्दीत निघालेल्या मासिकांतून एकाच माणसाचे फोटो कापून आणायचात. बेसबॉलचे मोठे संघ फक्त गोऱ्यांचे होते, त्यांत पहिल्यांदा शिरलेला तो काळा खेळाडू.

मी तिसरीत असताना कॉन्व्हेंटमध्ये शेजारच्या मुलीनं माझं आडनाव विचारलं आणि ऐकल्यावर आपला डबा बाकाच्या टोकाला सरकवला. मी रडत घरी आले, तेव्हा तुम्ही ती वही उघडलीत. संघाच्या मालकांनी त्याला आधीच बजावलं होतं, शिव्या खा, पण उलट बोलू नकोस. समोरचे खिळ्यांच्या बुटांनी त्याच्या पायावर येत, तरी तो बोलला नाही, खेळत राहिला. "तूही बोलायचं नाहीस. पहिला नंबर आणायचा." मी आणला, दर वर्षी. आणि बोलले नाही.

आज मी इकडे परदेशात, लेकीच्या गावी, 'ते रापा' नावाच्या उपनगराजवळच्या सॉफ्टबॉल क्लबाबाहेर गाडीत बसले आहे. सॉफ्टबॉल म्हणजे त्या बेसबॉलची धाकटी बहीण. माझी तेरा वर्षांची नात दुसऱ्या बेसवर खेळते, संघात एकटी भारतीय. दोन महिन्यांपूर्वी ती म्हणाली, "आजी, समोरच्या एका टीमच्या मुली मला करी म्हणतात. हीप्स ऑफ टाइम्स." मी तुमची वही काढली, तुमच्याच आवाजात गोष्ट सांगितली आणि तिच्याकडून वचन घेतलं, की बोलायचं नाही. घेताना मला केवढा अभिमान वाटला होता!

गेल्या शनिवारी त्याच संघातली एक मुलगी धावत आली आणि मुद्दाम बूट वर करून हिच्या नडगीवर घसरली. पाच टाके पडले. ही अंपायरला म्हणाली, माझाच पाय घसरला. खरं काय ते तिच्या मैत्रिणीनं आम्हाला सांगितलं.

"आई, अगं पाच टाके पडलेत आणि ही अजून म्हणते, पाय घसरला!" माझी लेक ओरडली. "हे कोणी शिकवलं हिला?"

मी चहा ढवळत राहिले. नातीनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "मम, आय'म फाइन. स्वीट ॲज." म्हणजे इकडच्या बोलीत, सगळं मस्त. माझं नावसुद्धा घेतलं नाही तिनं.

त्या दिवशी मी वही पुन्हा उघडली. तुम्ही दाखवायचात ती पहिली दहा-बारा पानंच मला माहीत होती. पुढची कधी उलटलीच नव्हती. अप्पा, त्याच्या गप्प राहण्याला मुदत होती. पहिली काही वर्षंच. ती संपल्यावर तो बोलला, अंपायरशी भांडला, पुढाऱ्यांना पत्रं लिहिली. आधी त्याला सभ्य म्हणणारे मग त्याला उद्धट म्हणू लागले. शेवटच्या फोटोत पन्नाशीच्या आसपासचा तो माणूस पांढऱ्याशुभ्र केसांचा म्हातारा दिसतो. ते पानही तुम्हीच चिकटवलं आहे, कोपरे नीट दाबून. म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. मग मला का नाही सांगितलंत? की माझी मुदत संपली असं तुम्हाला कधी वाटलंच नाही?

आत कमिटी बसली आहे. नातीला विचारणार, नक्की काय झालं? ती "घसरले" म्हणाली की विषय संपला, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा त्याच मुली समोर. लेक म्हणाली, "आई, तू गाडीतच थांब, तुला उगाच टेन्शन येतं." तिला वचनाचं माहीत नाही. त्यातून नातीला मीच सोडवायला हवं. सकाळीच सांगायचं होतं, पण मी तिच्या टोस्टला लोणी लावत बसले.

वही नातीला द्यायची, आणि तिनं ती शेवटाकडून वाचावी. माझ्याकडे असलेलं तुमचं घड्याळ माझ्यामागे लेकीला, लहानपणापासून तिचा त्यावर डोळा आहे. हे पत्र कोणालाच नको. खरं सांगायचं तर तुमच्याशी बोलायचं म्हणून मी ते लिहायला घेतलं नाही. गाडीचं दार उघडायचा धीर होत नव्हता. मीटिंग सुरू होऊन दहा मिनिटं झाली. उतरते.