गाडी रिकामी नव्हती

नांदेड, ता. ९ जानेवारी २०२५

अण्णास,

धाकट्या वर्षाराणीचा शरणार्थ. इकडे सासूबाई बऱ्या आहेत. आरती दहावीच्या अभ्यासाला लागली. वैनींचा गुडघा कसा आहे?

अपघाताच्या दाव्याच्या निकालाची नक्कल मिळाली. विमा कंपनी मोकळी! आरतीचे पप्पा म्हणे मालाच्या गाडीत फुकट बसून आले होते, अशा माणसाची जबाबदारी कंपनीवर येत न्हाई. भरपाई गाडीमालकानं द्यायची. म्हणजे तू. आणि तू काय केलंस? वसुली नको म्हणून निकालानंतर महिन्याच्या आत दुकान वैनींच्या नावावर! अजून किती हेलपाटे घालू मी?

सोमवारी संभाजीनगरला हायकोर्टाच्या वकिलांकडे जाऊन आले. ते म्हणाले, "ताई, माणूस स्वतःचा माल घेऊन बसला असेल तर कंपनीला हात झटकता येत नाहीत. माल होता का?"

मी उलट फीचंच विचारलं. त्यांनी पुन्हा विचारलं.

होता ना अण्णा! आमच्या गिरणीची नवी चक्की आणायलाच तर हे लातूरला गेले होते. येताना चाकूरजवळ तुझी गाडी उलटली, हे तिथंच गेले. पण तू गाडीत लोखंड जास्तीचं लादलं होतंस, म्हणून पंचनाम्याआधी तुझ्या माणसांनी सगळा माल दुसऱ्या टेम्पोत हलवला. "गाडी रिकामी होती," असा जबाब दिलास. आठ दिवसांनी चक्की घरी पोचवून म्हणालास, "वर्षा, कुणाला बोलू नको. माझं परमिट जाईल." त्याच चक्कीवर मी दळण दळून राहिले.

तेवढंच असतं तर तुला एकट्याला बोलले असते. पण लातूरच्या कोर्टात कंपनीच्या वकिलानं मला विचारलं, "गाडीत काही सामान होतं?" तू समोर बसला होतास, मान खाली घालून. मी म्हणाले, "मला माहीत न्हाई." जजसाहेबांनी तरी दुसरं काय लिहावं?

चक्कीची पावती सापडलीय, ह्यांच्या नावाची, त्याच तारखेची. आज अपिलासाठी इथंच नोटरीपुढं शपथपत्र केलं. आधी माझं खोटं लिहिलं, मग तुझं. वकील म्हणाले, यात मलाही त्रास होऊ शकतो. होऊ दे. तूही येऊन खरं सांग. कंपनीवर जबाबदारी आली तर तूच सुटशील, एवढं साधं तुला दोन वर्षांत कळलं न्हाई?

न आलास तरी मी माघार घेणार न्हाई.

तुझी बहीण, पण आधी ह्यांची बायको,
वर्षाराणी