मामांचं टॉनिक

४ तारीख, सोमवार

आले एकदाची. सामान लावून झालं, पलंगाचा कुरकुरणारा पाय पुठ्ठ्याची घडी घालून गप्प केला, आणि आता खिडकीत पाय पसरून लिहितेय. खोली कारखान्याच्या दवाखान्याच्या बरोबर वर आहे. जिना उतरलं की कामावर हजर. उशीर झाला तर सांगायला सबबच उरली नाही.

कारखाना मांसाचा आहे. जनावरं मागच्या बाजूने येतात आणि पुढच्या बाजूने डब्यांत बंद होऊन जातात. मधल्या भागाला सगळे ‘पट्टा’ म्हणतात: वर हुकांची रांग सरकत असते, खाली दोन्ही बाजूंना सुऱ्या घेऊन माणसं उभी. फरशी इतकी धुतलेली की तोंड दिसावं, तरी वास जात नाही. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, नाकाला सवय होते, जिभेला होऊ देऊ नकोस, नाहीतर घरी येऊन शिव्या द्यायला लागशील.

मुकादमांना लहानथोर सगळे ‘मामा’ म्हणतात. पांढऱ्या मिशा, गोड बोलणं. माझी ट्रंक त्यांनी स्वतः वर आणली. आत मोबाईल चालत नाही. तो फाटकावर ठेवायचा आणि संध्याकाळी परत घ्यायचा. दवाखान्यात साधा फोन आहे, तेवढ्याने भागेल.

माझं पहिलं काम सगळ्यांचं ब्लडप्रेशर मोजायचं. इथे बहुतेक सगळे तिशीच्या आतले. मामा हसले, म्हणाले की पोरांना कसलं आलंय प्रेशर. मीही हसले. दादाचं काही बोलले नाही. दादा एकतीसचा होता. कधी आजारी पडला नाही, म्हणून कधी कुणी मोजलंच नाही. दाढी करता करता आरशासमोर पडला, तो उठला नाही.

६ तारीख, बुधवार

दिवसभर मोजते आहे. आधी पाच मिनिटं गप्प बसवायचं, पाठ टेकून, पाय जमिनीवर, बोलायचं नाही. हे शेवटचं या पोरांना सगळ्यात अवघड. एक दाढीवाला म्हणाला, “सिस्टर, तुम्ही हात धरल्यावर कुणाचंही वाढेल.” बाहेरची रांग खिदळली. मी दुसऱ्या हातावर पट्टी बांधली, मग थांबून पुन्हा पहिल्या. आकडा उतरला नाही.

पॅकिंगवाले बरे आहेत. पट्ट्यावरच्यांचे आकडे बघून मात्र मी यंत्र बदलून घेतलं. तेच आलं.

सगळ्यात वाईट उंटाचं. चोविशीचा पोरगा, दारातून वाकून येतो, म्हणून उंट. वरचा आकडा एकशे ऐंशीच्या पलीकडे. त्याला काहीच होत नाही म्हणे; सकाळी डोक्याची मागची बाजू ठणकते, पण पट्ट्यावर उभं राहिलं की जाते. त्याला समजावलं की काही होत नाही हेच या दुखण्याचं वाईट, ते बोंब मारून येत नाही. बायकोला सातवा महिना आहे. बाळाला उचलून घ्यायचं असेल तर माझं ऐक म्हटलं. मान हलवली. मान हलवायला लांब आहे त्याची.

१२ तारीख, मंगळवार

डॉक्टर गुरुवारी येऊन गेले. ज्यांची गरज होती त्यांना गोळ्या सुरू केल्या. बाकी भार माझ्यावर: ताटात वरून मीठ नको, डब्यातलं सूप नको, सिगारेट सोडा, झोप पुरी करा, सुट्टी झाल्यावर अंगणात फेऱ्या मारा. बरं वाटलं म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, हे तर पाढ्यासारखं घोकून घेते. पोरं मला ‘मीठबाई’ म्हणायला लागलीत. म्हणू देत. करवतीवरची चिमणी रोज चार जणांना ओढून चालायला नेते. आवाजावरून चिमणी, हाताला पैलवान.

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. उंट बायकोला भेटायला दोन दिवस घरी गेला. आला त्या सकाळी प्रेशर बरंच उतरलेलं. दुपारी पट्ट्यावरून बोलावून मोजलं, तर पुन्हा तिथेच. मीठ अर्ध्या दिवसात एवढं करत नाही.

विचारलं, आल्यावर काय खाल्लं-प्यायलास. म्हणाला, काही नाही, फक्त मामांचं टॉनिक.

१३ तारीख, बुधवार

पाळी सुरू व्हायच्या आधी पट्ट्याशी स्टीलचा मोठा ड्रम असतो. मामा स्वतः पळीने पेले भरतात. गरम, तपकिरी. प्रत्येकाच्या पाठीवर हात ठेवून देतात. पॅकिंगला देत नाहीत. ताकद पट्ट्याला लागते म्हणे.

मी दोन घोट घेतले. गोड, शेवटी कडू. थोड्या वेळात दात एकमेकांवर घट्ट बसले. छाती धडधडायला लागली. आणि राग. कुणावर ते कळेना. कपाटाचं दार नीट लागत नव्हतं म्हणून मी ते आपटत राहिले, बिजागरी निघेपर्यंत. बोट सोललं तेव्हा थांबले. स्वतःचं प्रेशर मोजलं. आजवर माझं एवढं कधीच नव्हतं.

उरलेलं बाटलीत भरून उद्या डॉक्टरांना देणार. उंटाला आणि चिमणीला बोलावून टॉनिक बंद करायला सांगितलं. उंट हो म्हणाला. चिमणी म्हणाली, त्याच्याशिवाय पट्ट्याला पुरं पडता येत नाही. एकदा सोडलं होतं, तर हात जड झाले आणि शेजारचे अंगावर यायला लागले.

१५ तारीख, शुक्रवार

हात धुऊन लिहायला बसलेय.

जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी ओरडा झाला. धावले. दाढीवाल्याने शेजारच्याचा हात फळीवर दाबून धरला होता आणि सुरी चालवत होता. भांडण नव्हतं. शेजारचा शीळ घालत होता, एवढंच. तीन बोटं गेली होती, तो चौथ्याकडे वळला होता. त्याच्या तोंडावर राग नव्हता. काम करताना असतं तसं लक्ष होतं.

आजूबाजूचे कापतच होते. पट्टा थांबला नाही. बोटं सरकत पुढे गेली. मी लाल बटण दाबायला गेले तर मामांनी माझं मनगट धरलं. जोरात नाही. लहान मुलाचं धरावं तसं. म्हणाले, “यांना थांबवू नका, सिस्टर. थांबली की पडतील.”

जखमीला गाडीने पाठवलं. दाढीवाल्याला मामांनी कुशीत घेतलं आणि एक पेला पाजला.

१८ तारीख, सोमवार

चिमणी गेली.

सकाळी डोकं फुटतंय म्हणून आली होती. आकडा बघून मी तिला झोपवलं, डॉक्टरांना फोन लावायला वळले. तेवढ्यात मामा आले आणि तिला घेऊन गेले. मी अडवलं. तीच म्हणाली, पुरं पडलं नाही तर सगळे माझ्यावर येतील. मी मागोमाग गेले. पट्ट्याच्या दारातून दिसलं: तिच्या तोंडाची एक बाजू खाली ओघळली. डावा हात लटकला. मी ओरडले, हात वर कर, माझ्याकडे बघ. तिने बघितलं. बोलायला गेली, शब्दांचा नुसता चिखल आला. मग करवतीवर वाकली. करवत चालू होती.

बाकीचं लिहीत नाही.

तिच्या शेजारच्याने अंगावर उडालेलं बाहीला पुसलं आणि पुढचा तुकडा घेतला.

पट्टा थांबला नाही.

१९ तारीख, मंगळवार

डॉक्टरांचा फोन आला. बाटली तपासून झाली. उत्तेजक औषध आहे, जबर. नाडी, प्रेशर, डोकं, सगळं भडकवणारं. म्हणाले, आता गोळ्यांचा काय उपयोग, वरून पाणी मारायचं आणि खालून लाकडं सारायची. मी पोलिसांना घेऊन उद्या येतो, तोवर कुणालाही पिऊ देऊ नका. आणि ज्यांचं ते झटक्यात सुटेल त्यांच्यापासून —

फोन मेला.

वळले तर मामा दारात. हातात वायरीचं टोक. चिडले नाहीत. विचारलं, जेवलात का.

फाटकाला साखळी. मोठी ऑर्डर आहे, संपेपर्यंत कुणी बाहेर नाही. मोबाईल मागितला तर रखवालदार दुसरीकडे बघायला लागला.

२० तारीख, बुधवार, सकाळी

ड्रम ओतला.

उंट सोबत होता. गेले काही दिवस तो टॉनिक घेत नाही, गोळी घेतो. काल संथ पडला म्हणून दोन्ही शेजाऱ्यांनी सुरीच्या मुठींनी त्याच्या बरगड्या ठेचल्या. तरी आला. ड्रम आम्ही दोघांनी मिळून लवंडला. सगळं गटारात गेलं. वाटलं होतं, मामा मारतील.

ते पट्ट्यावर गेले. पोरांना गोळा केलं. शांतपणे सांगितलं की आज टॉनिक नाही, पोरांनो, सिस्टरने सांडलं.

एवढंच. आणि बाजूला झाले.

दुपारी

दवाखान्यात आहोत. आतून कडी, वरचं कुलूप, दाराला लोखंडी कपाट लावलंय. पॅकिंगवाल्यांनी स्वतःला शीतघरात कोंडून घेतलंय. जाताना बघितलं.

पट्टा बंद पडला आहे. पहिल्यांदाच. सुऱ्या फरशीवर घासल्याचा आवाज.

एकमेकांवरही चाललंय. दाराखालच्या फटीतून रक्त आलं. कुणाचं माहीत नाही. चादर घालून अडवलं.

डॉक्टरांची गाडी फाटकाच्या आत उभी आहे. खिडकीतून दिसते. एकटीच, पोलिसांची नाही. दार उघडं. काचेवर —

ते कुठे आहेत?

थोड्या वेळाने

दार मारताहेत. हुकांनी. दाढीवाल्याचा आवाज ओळखला. “सिस्टर, एक पेला. एकच.” रडतोय तो. रडता रडता हाणतोय.

उंट कपाटाच्या वरून दाराला खांदा लावून होता. फळी फोडून सुरीचं पातं आलं, त्याच्या खांद्यात शिरलं. त्याने ते पातं हाताने धरून ठेवलं. सोडलं नाही. मी खुर्चीच्या पायाने भोकातून आत आलेल्या मनगटावर मारलं. हाड मोडल्याचं ऐकू आलं. पुन्हा मारलं. माझीच पोरं ही. यांनाच मी चालायला लावलं —

पुन्हा मारलं.

—

उंट खाली बसलाय. डोकं धरून. वांती झाली.

हसायला सांगितलं. अर्धंच तोंड हसलं. उजवा हात उचलत नाही.

कुशीवर वळवलं. तोंडात काही घालायचं नाही, पाणीही नाही. खांदा बांधला. याला आत्ता इस्पितळ हवं. आत्ता. आणि मी कात्री घेऊन बसलेय.

मागची खिडकी उघडी आहे. कुंपण जवळ. मी एकटी असते तर निघून गेले असते. याला उचलून नेता येणार नाही. प्रयत्न केला, हलत नाही.

त्याला कळलं. डाव्या हाताने मला खिडकीकडे ढकलतोय. शब्द येत नाहीत. बायको म्हणत असावा. किंवा जा.

जात नाही मी.

—

कुणी हे वाचलं तर गटारातलं पाणी तपासायला घ्या. पोरांना दोष देऊ नका. ती चांगली होती. मी मोजलंय त्यांना, हातात हात घेऊन. शीतघरातल्यांना आधी काढा. उंटाच्या बायकोला सांगा, तो दाराशी उभा

—

घाव थांबले.

मामा बोलताहेत. पोरांना म्हणताहेत, शाबास, दमलात, आता सरका. आवाज मऊ.

उंटाचा श्वास घरघरतोय. हात गरम आहे. धरून आहे मी.

कपाट आपसूक हललं.

कुणी तोडत नाहीये. किल्ली फिरतेय, वरच्या कुलपात. आमची कडी केव्हाच तुटलीये, आता कळलं. एवढा वेळ ती पोरं दारावर हातपाय फोडून घेत होती, आणि किल्ली मामांच्या खिशात —