ओंजळभर कोंड्याचं पोर

९ डिसेंबर १९५४

लिहून टाकते, नाहीतर हे डोक्यातून जायचं नाही.

सकाळी बाळंतिणींच्या वॉर्डात गेले तर रुख्माचा पाळणा रिकामा! कालच मी तिला सोडवली. मुलगा, अंगानं भरलेला, रडणं खणखणीत. रुख्मा भिंतीकडे तोंड करून पडलेली. "बाळ कुठंय?" विचारलं. तेवढ्यात मागच्या अंगणातून रडणं ऐकू आलं.

धावले. दवाखान्यामागं राख आणि उष्ट्या पत्रावळी टाकतात, त्या उकिरड्यावर एका सुपात माझं कालचं बाळ! एवढ्या थंडीत! आणि त्याचा बाप चैतराम नि आमची आया धुरपताबाई बाजूला शांत उभे — जशी काही पूजा चाललीय.

बाळ उचललं, पोटाशी धरलं आणि तोंडाला येईल ते बोलत सुटले. पोलिसांत देते म्हणाले. कसायांनो म्हणाले. चैतराम हात जोडून नुसता उभा. धुरपताबाईनं कपाळावर हात मारून घेतला.

"अवं बाई, तुमी कायले उचललं? मी उचलनार होती ना!"

मला वाटलं, हिचं डोकं फिरलंय.

१० डिसेंबर

डोकं कुणाचंच फिरलेलं नाही. रीत आहे म्हणे.

रुख्माची याआधीची तीन लेकरं गेली. एकही पाच-सहा महिन्यांच्या पुढं जगलं नाही. अशा बाईचं पोर जगवायचं तर ते तिचं राहू द्यायचं नाही. टाकून द्यायचं. परक्या बाईनं उचलायचं आणि ओंजळभर कोंडा देऊन विकत घ्यायचं. मग आई फक्त दूध पाजणारी. ज्याची नजर आईच्या लेकरावर असते ते येतं, बघतं, आणि परक्याचं पोर म्हणून निघून जातं. धुरपताबाईनं हे मला इतक्या सहज सांगितलं, जसं काही मी वाईला जन्मले हाच माझा गुन्हा.

आणि आता उचललं मी. म्हणजे पोर माझं. धुरपताबाईला बदली चालत नाही म्हणे, एकदा उचललं ते उचललं.

संतापाने डॉक्टरांकडे गेले. नंदलाल डॉक्टर हसले. "सिस्टर, दे दीजिए कोंडा. बच्चे का क्या बिगड़ता है?" मग गंभीर होऊन म्हणाले, ही बाई रागावून गेली तर त्या बाजूची दुसरी येणार नाही.

खरं आहे. इथल्या गिरणीवाल्यांनी, बिडीवाल्यांनी वर्गणी काढून हा दवाखाना बांधला. आधी म्हणे धानाच्या गोदामात दोन बाकं नि औषधांचं एक कपाट होतं. आता ऑपरेशनची खोली आहे, बाळंतिणींच्या आठ खाटा आहेत — आणि खाटा रिकाम्या! खेड्यातल्या बाया घरीच बाळंत होतात, निम्म्या अडतात, काही मरतात. सालेकशाकडून आगगाडीत बसून आलेली रुख्मा पहिलीच.

कोंडा दिला. रुख्मानं तो पदरात घेतला आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. लाज वाटली मला, का ते कळलं नाही.

नाव ठेवलं उकंडू. उकिरड्यावरचा म्हणून! बारशाला माझं मत कोणी विचारलं नाही, एवढीच सवलत.

६ जून १९५५

चैतराम आला होता. भाताच्या रोवणीच्या आधी पोराचं जावळ काढायचंय. परवानगी मागायला आला!

"तुमच्या पोराचं जावळ काढू काय जी?"

काढा म्हटलं. तो खरंच उठून निघाला. एवढ्यासाठी गाडीनं आला होता. तीस वर्षांची, बिनलग्नाची मी, आणि मला जावळ काढायच्या वयाचा मुलगा आहे. वाईला कळलं तर आई अन्न टाकेल.

सहा महिने उलटले. पोर जिवंत आहे. मी असल्या गोष्टी मानत नाही. तरी बरं वाटलं.

१९ जानेवारी १९५६

रुख्मा उकंडूला घेऊन आली, देवी टोचायला. तिच्यासोबत गावच्या चार बाया, त्यांचीही लेकरं. नर्सबाई स्वतःच्या पोराला टोचते म्हटल्यावर आपल्याला काय भीती, असं त्यांचं गणित. आठांपैकी पाच खाटा भरल्यात हल्ली.

आज मात्र धक्का बसला. मी सहज म्हणाले, "रुख्मा, नाक अगदी तुझं आहे ग याचं." रुख्माचा चेहरा पांढराफटक. "माह्यावानी कायले असंन जी? तुमचं लेकरू हाये," घाईघाईनं म्हणाली, आणि पोराला माझ्या मांडीवर टाकून चक्क बाहेर गेली.

आपल्या पोराला आपलं म्हणायचं नाही! रोज अंगावर पाजायचं आणि म्हणायचं नाही! राग आला मला. कुणाचा, ते ठरवता येईना.

पोरगं माझ्या मांडीवर बसून घड्याळाची किल्ली चावत होतं. मला ते फार आवडायला लागलंय. इथं तरी खोटं कशाला लिहू?

१ नोव्हेंबर १९५६

आजपासून आपण मुंबई राज्यात. वॉर्डात कुणाला पत्ता नाही.

१७ नोव्हेंबर

उकंडूला आणलं. घटसर्प. घशात पांढरा पडदा, श्वास ओढताना छाती आत जाते. त्याचं विष मारणारी लस नागपूरहून यायची, उद्याच्या गाडीनं. तोवर पोर टिकणार नाही. गळ्याला छेद देऊन नळी घालायची — दुसरा उपाय नव्हता. त्यातही पोर टेबलावरच जाऊ शकतं, हे डॉक्टरांनी चैतरामला स्पष्ट सांगितलं. विचारलं, कापू का?

चैतरामनं माझ्याकडे बोट केलं. "मले कायले पुसता जी? त्यायचं पोर हाये. त्यायलेच पुसा."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. ओंजळभर कोंड्याचा खेळ होता तो, मी रागानं खेळलेला! मी रुख्माचे दोन्ही खांदे धरले. म्हटलं, आता पुरे, आई तू आहेस, तू सांग. तिचा पदर तोंडात कोंबलेला. मान हलवली — हो असंही नाही, नाही असंही नाही. "मी काय सांगू बाई. मी त नुसती पाजली."

तेव्हा समजलं. तिनं हो किंवा नाही, काहीही म्हटलं असतं तरी पोर तिचं झालं असतं. आणि तिचं झालं की संपलं. ती मरेल पण बोलणार नाही.

पोराचे ओठ निळे. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर?"

मी म्हणाले, कापा.

डोकं मीच धरलं. नळी बसली आणि शिट्टीसारखा आवाज करत हवा आत गेली. भिंतीला टेकून खाली बसले ते धुरपताबाईनं उठवलं.

१८ नोव्हेंबर

लस आली, दिली. जिवंत आहे.

२३ नोव्हेंबर

नळी काढली! आवाज बसलाय, पण मला पाहून "बाई" म्हणाला. दवाखान्याचा झाडूवाला सेवकराम, जो कधी कुणाशी बोलत नाही, त्यानं त्याला बोर आणून दिलं. मी रागावले आणि बोर काढून घेतलं. मग आत जाऊन हसत बसले. किती दिवसांनी!

२५ नोव्हेंबर

डॉक्टर खूश नाहीत. घटसर्पाचं विष काळजात उतरतं, नाडी चुकतेय. निजवून ठेवायचं, बसू द्यायचं नाही. दोन वर्षांच्या पोराला! रुख्मा आणि मी पाळीनं बसतो. ती त्याच्याशी बोलते ते "बाईचा पोट्टा, बाईचा पोट्टा" म्हणत. आता राग येत नाही. मीही हळूच तेच म्हणते.

२८ नोव्हेंबर

उकंडू गेला. पेजेची वाटी दिसली म्हणून उठून बसला, हात पुढं केला, आणि तसाच मागं पडला. मी शेजारीच होते.

चैतराम माती देऊन आला. मी खोलीत कडी लावून बसले. कापा म्हणणारी मी, रुख्माला तोंड कसं दाखवू? दार वाजलं. रुख्मा होती. डोळे कोरडे. आत येऊन खाली बसली आणि माझं डोकं ओढून आपल्या खांद्यावर घेतलं.

"रडा बाई," म्हणाली. "माही तीनच गेली. हे तुमचं होतं."

मी हो म्हणाले.