गाळातलं नाव

३ जून
पोचले एकदाची! बॉथेल शहरापासून तीन तास ड्राइव्ह करून या ओढ्याकाठी. सोन्याच्या जुन्या वस्तीवर उन्हाळाभर गाइड. आपल्याकडचे झारेकरी सराफांच्या दारची धूळ धुतात, तशी मी टुरिस्टांना परातीत वाळू घोळवून दाखवणार. मेश्रामांची पोर सोनं काढणार तर, म्हणून बाबा फोनवर हसले. या वहीच्या पहिल्या पानावर मी पूर्ण नाव ठसठशीत लिहिलं.
शे-दीडशे वर्षांपूर्वी इथलं सोनं दोनच वर्षं टिकलं. मग सगळे पांगले आणि उरलेला गाळ चिनी मजूर धूत बसले. गोऱ्यांनी एके दिवशी त्यांना ऐन पुरात हाकललं; बरेच बुडाले. त्यांची नावं कुणी लिहूनसुद्धा ठेवली नाहीत.

७ जून
बॉथेलच्या कुणी नीलांबरीकाकू वस्ती बघायला आल्या होत्या. मराठी ऐकून हरखल्या. मग हळूच विचारलं, आडनाव काय गं तुझं? माझ्या तोंडून निघालं, देशपांडे. अगंबाई, आपल्यातलीच की, म्हणत त्यांनी हातावर बेसनलाडू ठेवला. मी तो खाल्लासुद्धा.
नागपूरला बाबांनी पोटाला चिमटा काढून शिकवलं आणि मी एका लाडवासमोर शेपूट घातली. फार लाज वाटते.

८ जून
परातीच्या तळाशी काळी वाळू उरली. तीत बोटाने ओढल्यासारखी अक्षरं. माझं खरं आडनाव. परात हलली आणि ते वाहून गेलं.
खोलीवर येऊन लायसन्स पाहिलं. नुसतं उपासना. वहीच्या पहिल्या पानावरही तेवढंच. पुढची जागा ओली आहे.

१० जून
बाबांना फोन केला. कुठली उपासना, त्यांनी विचारलं. सांगायला गेले— देशपांडे, असंच निघालं. राँग नंबर म्हणून त्यांनी ठेवला.

११ जून
भर दुपारी ओढ्यात माणसं. गुडघाभर पाण्यात, पराती घेऊन. तेच मजूर. कपडे निथळतायत. रांगेत एक जागा मोकळी— तिथे एक परात ठेवलेली.

रविवार
काकू मैत्रिणींना घेऊन आल्या. ठरवलं होतं, सगळ्यांसमोर खरं सांगायचं. तोंड उघडलं— पाणीच आलं. काकूंची नजर माझ्यावरून पुढे गेली. इथे गाइड कुणीच नाही का, त्यांनी विचारलं.
गेल्या त्या.
पाणी खोलीच्या पायरीपर्यंत— ते मजूर बोलावत नाहीत, नुसते थांबलेत. बोलता येत नाही. लिहिता तरी— बाबा, चुकलं माझं— मी उपासना शंकरराव मे